तरवड: नवरात्रात सगळे शोधतात तो पिवळा फुलोरा आपल्याकडे कसा लावायचा?

घटस्थापना दोन दिवसांवर आली की अनेक व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. "तरवडाची फुलं कुठे मिळतील?"

पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत घटावर सोडायच्या माळेला ही पिवळी फुलं लागतातच. काही घरांत नऊच्या नऊ दिवस तरवडाची माळ असते, तर काही घरांत एक दिवस तरवड, एक दिवस झेंडू, एक दिवस कारळ्याची फुलं असा फेर असतो. पूर्वी हे काम घरातल्या पोरांचं असायचं. सकाळी पिशवी घेऊन माळावर जायचं, चार झुडपांवरची फुलं ओरबाडायची आणि आंघोळीच्या वेळेपर्यंत परत. आता माळावर प्लॉटिंग झालंय, बांध जेसीबीने साफ झालेत आणि शहरात राहणाऱ्यांना मंडईत वाट्यावर मिळतील तेवढ्या फुलांत भागवावं लागतं.

गंमत म्हणजे हे झुडूप लावायला अवघड अजिबात नाही. पण तरवड ही 'लावायची' गोष्ट आहे, असं आपल्याकडे कुणाला वाटतच नाही. तो आपोआप येतो, माळावर असतोच, असं पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलं गेलंय. त्यामुळे नर्सरीत जास्वंदीचे पंधरा रंग मिळतात, तरवड मात्र मागितला तर माळी दुसरंच काहीतरी हातात ठेवतो.

तरवड नेमका ओळखायचा कसा?

आधी हेच नीट समजून घेऊ, कारण पिवळ्या फुलांच्या झुडपांत फसगत फार होते.

तरवडाचं शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकांत तो कॅसिया ऑरिक्युलाटा या नावाने सापडेल. १७५३ मध्ये लिनियसने त्याला ते नाव दिलं होतं. तेव्हा तो बहाव्याच्या गोतात मोजला जायचा, नंतर शास्त्रज्ञांनी ते मोठं गोत फोडलं आणि तरवड सेन्नात गेला. कूळ मात्र दोघांचं एकच, शेंगा धरणारं. म्हणजे हरभरा, तूर, चिंच, बहावा आणि तरवड ही सगळी लांबची भावंडं.

'ऑरिक्युलाटा' या शब्दात ओळखीची किल्लीच आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कानवाला'. तरवडाचं पान जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखी, गोलसर हिरवी उपपर्णं दिसतात. हे कान दिसले की तरवड, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बाकीच्या खुणाही सोप्या आहेत. झुडूप साधारण पुरुषभर उंचीचं, बुंध्यापासूनच भरपूर फांद्या फुटलेलं, साल तपकिरी. एका पानात आठ ते बारा जोड्या बारीक पर्णिका असतात. फुलं फांद्यांच्या टोकांशी झुपक्याने येतात. एकेक फूल सुमारे पाच सेंटीमीटर रुंद, गडद पिवळं, पाच पाकळ्यांचं आणि पाकळ्यांच्या कडा चुणीदार. शेंग चपटी, कागदासारखी पातळ आणि बियांच्या जागी किंचित फुगलेली. वाऱ्यावर वाळलेल्या शेंगा हलल्या की खुळखुळतात.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहा.

पावसाळ्यात रस्त्याकडेला गुडघाभर वाढणारा टाकळा (विदर्भात तरोटा) हा तरवडाचा चुलतभाऊ. 'तरोटा' आणि 'तरवड' या नावांमुळे अनेकांना दोन्ही एकच वाटतात. पण टाकळा वर्षभराचं तण आहे, त्याच्या पानात फक्त तीन जोड्या पर्णिका असतात आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते. तरवड बहुवर्षायू झुडूप आहे. पोट साफ होण्यासाठी चूर्ण घेतात ती सोनामुखीही याच गोतातली, पण वेगळी वनस्पती. आणि सोसायटीच्या कुंपणावर लावलेलं घंटेच्या आकाराच्या पिवळ्या फुलांचं टेकोमा तर या कुळातलंही नाही. ते मूळचं अमेरिका खंडातलं. नर्सरीत 'तरवड' म्हणून बहुतेक वेळा टेकोमा किंवा बागेसाठी वाढवलेला एखादा परदेशी सेन्ना दाखवला जातो. विकत घेण्याआधी पानाच्या बुडाशी कान शोधा. नसतील तर रोप परत ठेवा.

मध नसलेलं फूल

तरवडाच्या फुलात मध नसतो. एक थेंबही नाही. तरीही सकाळी या झुडपापाशी उभं राहिलं तर भुंग्यांची येजा सुरूच असते. ते येतात परागासाठी. आणि पराग काढायला त्यांना चांगलीच मेहनत करावी लागते.

बहुतेक फुलांत परागकोश उभे चिरतात आणि पिवळी भुकटी सहज हाताला लागते. तरवडाचे परागकोश मात्र बंद डब्यासारखे असतात, टोकाला फक्त बारीक छिद्र. मिठाच्या डबीसारखं समजा. काळा, जाडजूड भुंगा फुलाला घट्ट मिठी मारतो आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू जोरात थरथरवतो. त्या थरथरीने पराग छिद्रातून फवाऱ्यासारखा बाहेर पडतो. जवळ कान नेला तर भुंगा उडतानाचा आवाज आणि हा आवाज यांतला फरक ऐकू येतो, दुसरा जास्त किनरा असतो. आपल्या नेहमीच्या मधमाशीला ही युक्ती जमत नाही.

फुलात पुंकेसर दहा, पण सगळ्यांचं काम सारखं नाही. वरचे तीन वांझ असतात. मधल्या आखूड पुंकेसरांमधला पराग भुंग्याच्या वाट्याला जातो, आणि खालच्या लांब, बाकदार पुंकेसरांमधला पराग त्याच्या अंगावर अशा जागी उडतो जिथून त्याला तो सहज झाडता येत नाही. तोच पराग पुढच्या फुलाच्या कामी येतो. आणखी बारीक पाहिलं तर काही फुलांची स्त्रीकेसराची दांडी डावीकडे वळलेली दिसेल, काहींची उजवीकडे. एकाच झुडपावर दोन्ही प्रकारची फुलं असतात. डाव्या फुलातून अंगाला लागलेला पराग उजव्या फुलाच्या दांडीला नेमका पोचतो.

याचा लागवडीशी थेट संबंध आहे. आसपास भुंगेच नसतील तर फुलं भरपूर येतील, शेंगा मात्र कमी धरतील. भुंगे वाळक्या लाकडात, जुन्या वाशांत आणि बांबूत भोकं पाडून राहतात. बागेच्या कोपऱ्यात एखादा वाळका ओंडका पडलेला असेल तर तो उचलून जाळू नका.

फुलपाखरांचंही तरवडाशी नातं आहे, पण ते पानांशी. मॉटल्ड एमिग्रंट हे हिरवट पांढरं फुलपाखरू याच्या पानांवर अंडी घालतं. त्याच्या हिरव्या अळ्या पानं खातात. नवीन लागवड करणारे नेमके इथे घाबरतात आणि फवारणी करतात. त्याची गरज नाही. पावसाळ्यात खाल्लेली पानं झुडूप काही आठवड्यांत पुन्हा फोडतं.

एक झुडूप, चार राज्यांत चार रुपं

महाराष्ट्रात तरवड नवरात्रापुरता आठवतो, पण शेजारच्या तेलंगणात तो राज्यपुष्प आहे. तिकडे त्याला तंगेडू म्हणतात. २०१४ मध्ये नवं राज्य झालं त्याच वर्षी राज्याची प्रतीकं ठरली आणि गुलाब-कमळ बाजूला ठेवून माळावरच्या या झुडपाची निवड झाली. कारण बतुकम्मा. आपलं नवरात्र सुरू असतं त्याच दिवसांत तेलंगणात बायका ताटात फुलांचे थर रचून निमुळता मनोरा करतात, त्याभोवती फेर धरतात आणि शेवटी तो पाण्यात सोडतात. त्या मनोऱ्यात तंगेडूचा पिवळा थर हवाच.

तमिळनाडूत हाच आवारम. पश्चिमेकडच्या कोंगू भागात पोंगलच्या तोंडावर कडुलिंबाच्या डहाळीबरोबर आवारमची फुलं घराला बांधतात. आवारम फुललेला असताना कुणी मेलेलं पाहिलंय का, अशा अर्थाची एक तमिळ म्हणही आहे. यावरून त्याच्या औषधी गुणांवर लोकांचा किती विश्वास आहे ते कळतं. गुजरातेत तो आवळ आहे. श्रीलंकेत रणवरा या नावाने त्याच्या वाळलेल्या फुलांचा चहा पितात.

या सगळ्या प्रदेशांत एक गोष्ट सारखी आहे, कमी पाऊस. तरवड कोरड्या मुलखाचा रहिवासी. महाराष्ट्रात तो पुण्याच्या पूर्वेकडचे तालुके, सोलापूर, अहिल्यानगर, साताऱ्यातले माण-खटाव आणि मराठवाडा या भागांत चांगला दिसतो. सह्याद्रीच्या मुसळधार पट्ट्यात त्याला करमत नाही.

आणखी एक निरीक्षण गावाकडच्या लोकांचं. गुरं तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून ज्या माळावर बाकी सगळं चरून संपलंय, तिथेही तरवड उभा असतो. त्यामुळे 'तरवडाचा माळ' म्हणजे निकस जमीन, असं समीकरण डोक्यात बसलं. खरं तर तो तिथे शेवटपर्यंत टिकून राहिलेला असतो.

आणि एकेकाळी साता समुद्रापार गेलेली साल

तरवडाला इंग्रजीत 'टॅनर्स कॅसिया' म्हणतात, म्हणजे चामडं कमावणाऱ्यांचा कॅसिया. त्याच्या सालीत सुमारे १८ टक्के टॅनिन असतं. कातड्यातल्या प्रथिनाला टॅनिन घट्ट धरून बसतं, त्यामुळे कातडं कुजत नाही आणि त्याचं चामडं होतं.

मद्रास इलाख्यात यावर एक मोठा धंदा उभा राहिला. आवारमच्या सालीच्या पाण्यात कातडी मुरवायची आणि शेवटी हिरड्याचा हात द्यायचा, कारण नुसत्या आवारमवर कमावलेलं चामडं उन्हात लालसर पडतं. अशी अर्धकच्ची कातडी जहाजांनी इंग्लंडला जायची आणि तिकडे त्यांच्या वस्तू बनायच्या. 'ईस्ट इंडिया' कमावणी असंच तिचं नाव पडलं. आज तमिळनाडूच्या 'ईआय लेदर'ला भौगोलिक मानांकन आहे ते याच परंपरेमुळे.

पुढे दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या बाभळीच्या जातीची साल येऊ लागली. ती स्वस्त आणि एकसारखी. मग क्रोमने काही तासांत चामडं कमावायची पद्धत आली आणि तरवडाच्या सालीचा बाजार बसला. (कोल्हापुरी चपलेचं काय, असा प्रश्न पडला असेल तर त्या चामड्याला मुख्यतः बाभळीची साल आणि हिरडा वापरतात.)

साल काढण्यासाठी फांद्या बुडापासून तोडल्या जायच्या आणि तरीही झुडूप पुन्हा फुटायचं. हे ध्यानात ठेवा, छाटणीच्या वेळी उपयोगी पडेल.

'शुगर' उतरवणारा चहा: किती खरं?

सध्या तरवड सोशल मीडियावर फिरतोय तो वेगळ्याच कारणाने. 'आवारमपू टी', 'तरवड फूल पावडर' अशी पाकिटं ऑनलाइन मिळतात आणि मधुमेह मुळापासून जातो असे फॉरवर्ड त्यांच्या आधीच येऊन पोचलेले असतात.

यात खरं एवढंच. सिद्ध वैद्यकात आवारमचा मधुमेहावर वापर जुना आहे आणि 'आवारै कुडिनीर' नावाचा काढा प्रसिद्ध आहे. पण तो अनेक वनस्पतींचा काढा आहे, नुसत्या फुलांचा चहा नव्हे. प्रयोगशाळेत मधुमेही उंदरांना फुलांचा अर्क दिल्यावर रक्तातली साखर उतरल्याचं संशोधन प्रसिद्ध झालंय. उंदराला तोलून दिलेला अर्क आणि माणसाने चमच्याने अंदाजे टाकलेली पावडर यांत फार अंतर आहे. त्यावरून गोळी बंद करायचा निर्णय घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

धोका दोन्हीकडून आहे. चहावर विश्वास ठेवून गोळ्या सोडल्या तर साखर वाढणार. आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवून वर हा चहा भरपूर प्यायला, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची लक्षणं. मिरगीसाठी कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळावं. प्राण्यांवरच्या अभ्यासात तरवडाच्या चहाबरोबर दिल्यावर या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. घरात कुणी असा चहा घेत असेल तर डॉक्टरांना ते सांगा, लपवू नका. गरोदरपणात तर टाळलेलाच बरा.

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

बी कधी आणि कुठून आणायचं?

तरवडाची लागवड बियांपासूनच करा. फांदी लावून जगण्याची खात्री नसते आणि बी फुकट मिळतं.

पावसाळा संपता संपता झुडूप ऐन बहरात असतं. त्या फुलांच्या शेंगा डिसेंबरपासून पिकायला लागतात. शेंग पूर्ण तपकिरी आणि कोरडी झाली की काढायची. हिरवी तोडून घरात वाळवली तर बी कच्चं राहतं. एका शेंगेत साधारण १२ ते २० बिया असतात. पोखरलेल्या, बारीक भोक पडलेल्या बिया बाजूला काढा, त्यात भुंगेरा शिरलेला असतो. उरलेल्या दोन-तीन दिवस उन्हात वाळवून काचेच्या बरणीत कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यात ठेवल्या की जूनपर्यंत टिकतात.

बी थेट पेरलं तर उगवत का नाही?

अनेकांचा पहिला प्रयत्न इथेच फसतो. बी पेरलं, रोज पाणी घातलं, महिना झाला तरी काही नाही. 'बी खराब होतं' म्हणून विषय संपतो.

बी खराब नसतं, बंद असतं. तरवडाच्या बीचं कवच इतकं कठीण असतं की त्यातून पाणी आत शिरत नाही. कोरड्या मुलखात हे शहाणपणाचंच आहे. मे महिन्यात वळवाची एक सर पडली म्हणून सगळं बी एकदम उगवलं आणि पुढे पंधरा दिवस ऊन तापलं, तर रोपं करपून जातील. म्हणून काही बी या वर्षी, काही पुढच्या, असं ते सवडीने उगवतं. आपल्याला तेवढी सवड नसते, म्हणून कवच आपण उघडायचं.

थोड्या बिया असतील तर सोपा उपाय पॉलिश पेपर. बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं ते टोक सोडून दुसऱ्या बाजूने हलकंसं घासायचं. आतला फिकट रंग दिसला की थांबायचं. मग रात्रभर साध्या पाण्यात.

जास्त बिया असतील तर गरम पाणी. पाणी उकळून गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग बी त्यात टाकून रात्रभर तसंच ठेवा. पाणी आपोआप निवू द्यायचं. बी घालून उकळायचं नाही, नाहीतर ते शिजेल. सकाळी बरेच दाणे फुगलेले दिसतील, ते पेरणीला तयार. जे तसेच टणक राहिले त्यांच्यावर तोच प्रयोग पुन्हा करा.

पेरणी आणि पुनर्लागवड

मे अखेर ते जून हा उत्तम काळ. दोन पर्याय आहेत.

बांधावर किंवा कुंपणाला लावायचं असेल तर पहिला चांगला पाऊस झाल्यावर बी थेट जागेवर टाका. एक ते दीड सेंटीमीटर खोल, एका जागी तीन-चार दाणे. तरवडाचं सोटमूळ सुरुवातीलाच झपाट्याने खाली जातं, त्यामुळे जागेवर उगवलेलं रोप पिशवीतल्या रोपापेक्षा दणकट निघतं. रोपं बोटभर झाली की प्रत्येक जागी एक जोमदार ठेवून बाकीची काढा.

पिशवीत करायचं असेल तर पिशवी उंच घ्या. माती, वाळू किंवा बारीक मुरूम आणि थोडं शेणखत पुरेसं आहे. आठवडा-दोन आठवड्यांत कोंब येतात. दोन-अडीच महिन्यांत, म्हणजे मूळ पिशवी फोडायच्या आत, रोप जमिनीत जायला हवं. पिशवीत वर्षभर ठेवलेलं, मुळाचं वेटोळं झालेलं रोप जगलं तरी रडतखडत जगतं. लावताना मातीचा गोळा फुटू देऊ नका. या झुडपाला मूळ दुखावलेलं खपत नाही.

जागा कशी हवी? ऊन, ऊन आणि ऊन. दिवसभर मिळालं तर उत्तम, निदान सहा तास तरी हवंच. जमीन मुरमाड, खडकाळ, हलकी, थोडी खारवट असली तरी चालते. चालत नाही ते साचलेलं पाणी. भारी काळ्या रानात लावायचं असेल तर वीतभर उंचवटा करून त्यावर लावा. कुंपणासाठी दोन झुडपांत मीटर-सव्वा मीटर अंतर ठेवा, एकेकटं लावायचं असेल तर दोन मीटर.

पहिल्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांतून एकदा पाणी द्या. दुसऱ्या उन्हाळ्यापासून जमिनीतल्या झुडपाला सहसा पाणी लागत नाही. खताचंही तसंच. लाड करून खत-पाणी देत राहिलात तर पाला माजतो आणि फुलं रुसतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'शेंगवर्गीय आहे, म्हणजे जमिनीत नत्र धरणार' असं अनेक लेखांत लिहिलेलं असतं. हरभरा, ताग, ग्लिरिसिडिया यांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या गाठी असतात. सेन्ना गोतातल्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांवर त्या नसतात आणि तरवडही त्यांतलाच. त्यामुळे शेतात नत्रासाठी तो लावू नका. त्याचा पाला हिरवळीचं खत म्हणून वापरतात, पण तो फायदा पाला कुजण्याचा आहे, गाठींचा नाही.

बाल्कनीत जमेल का?

ऊन असेल तर जमेल. दक्षिण किंवा पश्चिमेची बाल्कनी, नाहीतर गच्ची. कुंडी किमान १६ इंची आणि खोल, तळाला मोठी भोकं. मातीत तिसरा हिस्सा वाळू किंवा मुरूम. वरची दोन-तीन इंच माती कोरडी झाली की मगच पाणी. कुंडीत झुडूप कमरेच्या आसपास राहील आणि फुलं माळावरच्या इतकी येणार नाहीत, हे आधीच मान्य करा. घटाच्या नऊ माळा एका कुंडीतून होणार नाहीत. पहिल्या दिवशीच्या माळेपुरती झाली तरी खूप झालं. उत्तरेकडच्या सावलीच्या बाल्कनीत मात्र हा उद्योग करू नका, त्यापेक्षा दुसरं काही लावा.

फुलं कधी येतील?

बियाणाचं झुडूप साधारण दुसऱ्या वर्षी फुलायला लागतं. काही रोपं पहिल्याच हिवाळ्यात एखादा तुरा दाखवतात, पण त्यावर माळेचा हिशेब करू नका.

फुलं नव्या फांद्यांच्या टोकांवर येतात, म्हणून छाटणी महत्त्वाची. शेंगा उतरल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला फांद्या एक तृतीयांशाने कमी करा. झुडूप फारच वेडंवाकडं झालं असेल तर गुडघ्याइतक्या उंचीवर कापलं तरी पावसात फुटून येतं. ऑगस्टनंतर मात्र कात्री लावायची नाही, नाहीतर नवरात्रातला बहर तुम्हीच छाटून टाकाल.

लावायचं कुठे, आणि कुठे नाही

शेताचा बांध, शाळेचं कुंपण, सोसायटीच्या मागची मुरमाड पट्टी, रस्त्यांमधले दुभाजक या जागा तरवडासाठीच असल्यासारख्या आहेत. दुभाजकांवर परदेशी झुडपं लावून त्यांना टँकरने पाणी घालत बसण्यापेक्षा हे नक्कीच परवडेल.

पण जिथे गवताचा चांगला माळ शिल्लक आहे तिथे तरवडाचीही दाट लागवड करू नका. 'मोकळी जागा दिसली की झाड लावा' या उत्साहात पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडिया लावला गेला आणि त्याच्या दाट सावलीत मूळचं गवत-झुडूप मागे पडलं. माळावर तरवड विरळच असतो, चार पावलांवर एक, मध्ये गवत. चंडोल, माळटिटवी असे पक्षी जमिनीवरच घरटं करतात. त्यांना ती मोकळी जागा लागते.

माळावरची फुलं काढतानाही थोडा हात राखावा लागतो. मंडईत विकायला येणाऱ्या पेंढ्या बहुतेक वेळा अख्ख्या फांद्या तोडून आणलेल्या असतात. झुडूप त्यातून मरत नाही, पण त्या वर्षी त्याला शेंग धरत नाही. दरवर्षी असंच होत राहिलं तर जुनी झुडपं वाळत जातात आणि त्यांच्या जागी नवीन रोप उगवत नाही. म्हणून फांदी तोडण्यापेक्षा फुलं खुडा आणि प्रत्येक झुडपावर चार-सहा तुरे तसेच ठेवा.

येत्या नवरात्रात माळेसाठी गेल्यावर चांगलं फुललेलं झुडूप दिसलं तर फोनच्या नकाशावर त्या जागेची खूण करून ठेवा. जानेवारीत तिथे पुन्हा चक्कर मारा. तेव्हा फुलं नसतील, पानंही थोडी झडलेली असतील, पण तपकिरी शेंगांमुळे झुडूप लांबूनही ओळखू येईल. दहा शेंगा पुरेत. त्यातून निघणारं शे-दीडशे बी एका मोठ्या बांधाला पुरतं आणि शेजाऱ्याला द्यायलाही उरतं.